मिरजेला डोळा आणायला

मिरजेला लोक एक तर दुखणं घेऊन जातात, नाही तर तंबोरा आणायला. मी गेलो तो डोळा आणायला. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "मास्तर, तिकडं काय काय पाहिलंत?" प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो.

मी वाईच्या शाळेत चित्रकला शिकवतो. नऊ वर्षांचा असताना विटी लागून माझा डावा डोळा गेला. पुढे मामांनी मुंबईहून काचेचा डोळा आणून दिला. तो परदेशातून आलेला, रंगाने किंचित निळसर, म्हणजे माझा नव्हेच. पण सवयीने माझा झाला होता. लढाईच्या तिसऱ्या वर्षी घाटावर तोंड धुताना तो हातातून निसटला. काळ्या पायरीवर एकदाच टिचकन वाजलं आणि कृष्णेच्या पाण्यात थोडी चकाकी पसरली. तेव्हा बाहेरून येणारं सगळंच बंद झालेलं, त्यात डोळे कुठून येणार? मी हिरव्या काचांचा चष्मा घेतला.

मला स्वतःला दिसायची काही अडचण नव्हती. अडचण समोरच्याची होती. माझ्याशी बोलताना माणसं माझ्या टोपीकडे बघत, खांद्याकडे बघत. वर्गातली मुलं चित्र दाखवायला आली की कागद माझ्यापुढे धरून स्वतः खिडकीबाहेर बघत.

लढाई संपल्याच्या दुसऱ्या वर्षी, पौषात, मिरजेच्या एका दवाखान्यात कंपाउंडर असलेल्या माझ्या मित्राचं पत्र आलं. 'इथे एक हवालदार आहे. पलटणीत दातांच्या डॉक्टरच्या हाताखाली होता. आता घरी कवळ्या करतो आणि त्याच मसाल्याचे डोळेही करतो. काचेचे नव्हेत, प्लॅस्टिकचे. पडला तरी फुटत नाही म्हणे. मी तुझं नाव सांगून ठेवलं आहे, ये.'

प्लॅस्टिक म्हणजे आम्हांला तोवर बायकांच्या बांगड्या, फणी, फार तर फाउंटनपेनचं टोपण. आठ दिवसांची रजा टाकली, रंगांची पेटी घेतली आणि निघालो.

वाठार ते मिरज

वाठारला गाडीत बसलो तेव्हा धुकं इतकं होतं की स्टेशनचा दिवाच तेवढा हवेत तरंगत होता. कऱ्हाडच्या पुढे ते विरळ झालं. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा धूर आणि त्या धुराला गोड वास. एका डोळ्याने बघणाऱ्याला जग सपाट दिसतं, चित्रासारखं. लांब काय नि जवळ काय ते अनुभवानं ठरवायचं. त्या सकाळी मला ते ठरवावंसंच वाटेना. डोंगर, बैल, मोटेचं पाणी, सगळं एकाच कागदावर ओल्या रंगात उतरलेलं होतं आणि तो कागद कुणीतरी सावकाश ओढून नेत होतं.

कुंडलचा एक म्हातारा समोर येऊन बसला. त्यानं काकवीचा गडू मांडीत धरला होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलंच, "पाव्हणं, चष्मा हिरवा कशापायी?"

मी खरं ते सांगितलं. म्हातारा विचारात पडला.

"पलास्टिकचा डोळा?" तो म्हणाला. "आवं, उन्हात वितळंल की त्यो! माज्या नातीची फणी चुलीम्होरं पडली तर भडकाच उडाला. तुमी चुलीजवळ जाऊ नगासा बरं का."

डब्यातली माणसं हसली, मीही हसलो. पण पुढचा तासभर माझ्या मनात ती फणी जळत राहिली. म्हाताऱ्यानं उतरताना माझ्या भाकरीवर काकवी ओतली. आमच्याकडे वाईला काकवी पाहुण्याला वाटीत देतात. इकडे ती पाण्यासारखी वाढतात. सांगलीला भडंग घेतलं. त्यात लसूण एवढा की मिरज येईपर्यंत दुसरा कसला वास म्हणून आला नाही.

मिरज, पहिला दिवस

हवालदारांचं घर तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या आळीत होतं. ओट्याओट्यांवर भोपळे वाळत ठेवलेले, काही माणसाच्या डोक्याएवढे, काही त्याच्या दुप्पट. कुठे तरी एखादा तंबोरा जुळवत असायचे. तारा जुळल्या की तो नाद आळीभर पसरायचा, थांबला तरी थांबल्यासारखा वाटायचा नाही. मला वाटलं, या आळीत राहणारी माणसं झोपेतसुद्धा सुरात श्वास घेत असतील.

हवालदार दत्तोबा पन्नाशीचे, मिशा राखलेले, हातभर प्लॅस्टरची पांढरी पूड. पलटणीबरोबर इजिप्त, इटली बघून आलेले. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी माझा चष्मा काढला, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि म्हणाले, "जागा फस्क्लास हाय. बसंल."

मी आधी फणीचा प्रश्न विचारला. ते मनापासून हसले.

"मास्तर, ती फणी कापसाची आन् कापराची. तिचं नाव सेलुलाइड. ती पेटती. ह्यो माल येगळा. इमानाच्या खिडक्या हेच्याच असत्यात."

त्यांनी फडताळातून वीतभर लांबीचा एक तुकडा काढला. पडलेल्या विमानाच्या छपराचा म्हणे. हातात घेतला तर काचेच्या निम्म्यानेही जड नाही, आणि स्पर्शाला गार नव्हता, अंगच्या ऊबेचा होता. "कडा उन्हाकडं धरा," ते म्हणाले. मी एक कड खिडकीतल्या तिरिपेत धरली. तुकडा मधे अंधाराच होता, पण उजेड आतून वाहत गेला आणि दुसऱ्या कडेला पाझरून उभा राहिला, बारीक, पांढरा. मी किती वेळ तो तसा धरून बसलो कोण जाणे. हवालदारांनी कडेवर कानस मारली तेव्हा पिकल्या फळांच्या ढिगासारखा गोड वास सुटला.

मग त्यांनी सगळी कृती सांगितली. एक पांढरी पूड, एक पाण्यासारखं पातळ औषध. औषध गडद बाटलीत ठेवायचं, नाही तर उजेडानं आणि उष्म्यानं ते आपलं आपणच घट्ट होऊन बसतं. दोन्ही मिसळली की आधी ओल्या वाळूसारखं लागतं, मग तार सुटते, मग कणकेचा गोळा होतो. तो गोळा पितळी डबीतल्या प्लॅस्टरच्या साच्यात दाबायचा, डबी आवळायची आणि कढत पाण्यात सोडायची. गार झाल्यावर उघडलं की दगडासारखा डोळा. आधी पांढरा भाग करायचा, त्यावर बुबुळ रंगवायचं, मग वरून स्वच्छ, आरपार दिसणारा थर पुन्हा तसाच शिजवून बसवायचा.

"पर एक हाय," हवालदार म्हणाले. "औषिध संपत आलंय. पलटणीतनं आणलेलं. दोन डोळ्यांपुरतं निघंल. मुंबईला लिवलंय, कवा येतंय काय ठावं. एक तुमचा, आन् एक त्या पोरीचा."

तेव्हा माझं लक्ष मागल्या पडवीकडे गेलं. तिथे घोंगडं पसरून दोघं बसली होती.

बिरू आणि मायाक्का

ती जतकडची धनगर भावंडं. बिरू तिशीचा, डोक्याला तांबडं पागोटं. मायाक्का त्याच्याहून सात-आठ वर्षांनी लहान, लुगड्याचा पदर डाव्या गालावरून ओढलेला. तिचा डावा डोळा दहा वर्षांपूर्वी गेला होता. मेंढरं दुसऱ्याकडे सोपवून चार दिवस चालत दोघं मिरजेला आली होती आणि आठ दिवसांपासून इथेच होती. डोळ्याचा पांढरा भाग तयार झाला होता. काम अडलं होतं ते बुबुळाशी.

"माझ्या हातचे समदे डोळे एकाच म्हशीचे दिसत्यात," हवालदार म्हणाले. "काळा ठिपका, भवतीनं तांबूस. दात करणारा माणूस मी. तुमी डराइंग मास्तर हाय ना? तुमीच काढा हिचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत उजेड बघून बसलो. मायाक्का समोर बसली. पदर बाजूला करताना तिचा हात थोडा थांबला. मी माझा चष्मा काढून खाली ठेवला. तिनं माझ्या डाव्या डोळ्याच्या जागेकडे सरळ पाहिलं, मग पदर काढला.

दुसऱ्याचा डोळा इतक्या जवळून मी आयुष्यात पाहिला नव्हता. लांबून काळाच म्हणावा असा. जवळून मात्र काकवीचा रंग, कडेला गडद, आणि बाहुलीभोवती हळदीची एक फाटकी कडी. तिच्यातून बारीक रेघा निघालेल्या, सुकलेल्या तळ्याला पडतात तशा. मी तीन तास त्या तळ्याच्या काठाने फिरलो. पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे केसासारखे धागे सोडवून शिरा बसवल्या.

बिरू तेवढा वेळ उंबऱ्यावर होता, आमच्याकडे पाठ करून. बहिणीशी बोलायचा तेही अंगणाकडे बघत. मला एकदम म्हणाला, "मास्तर, उद्याच्याला दिसाय लागंल न्हवं तिला?"

माझा कुंचला थांबला. "काय दिसायला?"

"ह्या डोळ्यानं. आमच्या गावचा येक शिपाई म्हनला, मिरजंत नवा डोळा बसवत्यात."

मी मायाक्काकडे पाहिलं. तिनं मान हलवली, अगदी थोडी. नको, अशी.

मी कुंचला पुन्हा रंगात बुडवला.

जे माझ्या हातून झालं

दुपारी हवालदारांनी वरचा थर दाबून डबी आवळली आणि स्टोव्हवरच्या पातेल्यात सोडली. त्यांना दवाखान्यात एक कवळी बसवायला जायचं होतं.

"मास्तर, दोन तास हितनं हलू नगा. पानी कढत पायजे, पर खळखळ उकळाय नगं. उकळी आली की आतलं औषिधबी उकळतं, आन् मालात फुगं धरत्यात. ज्योत बघत ऱ्हावा."

मी ज्योत बघत राहिलो. तळाशी बारीक बुडबुडे मोत्यांसारखे चिकटले होते. स्टोव्हचा सूं सूं आवाज एकसारखा, आणि शेजारच्या घरी तंबोऱ्याची जोड जुळवायला घेतली होती. षड्ज लागला, पंचम लागला, जव्हारी खुलून तारा गुणगुणू लागल्या, आणि ते दोन्ही आवाज एकात एक मिसळले. मला घाट दिसला, कृष्णेचं पाणी दिसलं, पाण्याच्या तळाशी शेकडो डोळे गारगोट्यांसारखे पडलेले, आणि सगळे शांतपणे वर बघत होते. मी झोपलो नव्हतो, हे शपथेवर सांगतो. पण मी तिथे नव्हतो.

पातेल्याचं झाकण थडथडलं तेव्हा मी जागेवर आलो. पाणी उसळून बाहेर येत होतं. ज्योत कमी केली, पण कधीपासून उकळत होतं ते मला सांगता येईना.

हवालदार आले. डबी गार झाल्यावर त्यांनी ती उघडली. मी रंगवलेलं बुबुळ आत होतं, पण वरच्या स्वच्छ थरात सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दाटले होते. तो डोळा फेसाळ झाला होता, गुऱ्हाळातल्या रसाच्या कढईवर येणाऱ्या मळीसारखा.

"उकळलं?" त्यांनी विचारलं.

"उकळलं. माझं लक्ष नव्हतं."

ते माझ्यावर ओरडले नाहीत, याचं मला अधिक वाईट वाटलं. डोळा तळहातावर घेऊन ते बसून राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "ह्यो पुसून निगत न्हाई. नव्यानं करावा लागंल. आन् बाटलीत येकाच डोळ्याचं औषिध हाय. तुमचं नाव आधीपास्नं लिवलेलं हाय. तुमी सांगाल तसं."

पडवीतून बिरूचा आवाज आला, "झाला का वं डोळा?"

मी खिडकीबाहेर वाळणाऱ्या भोपळ्यांकडे बघत उभा राहिलो. पाच वर्षं टोपीकडे आणि खांद्याकडे बघणाऱ्या माणसांत मी वावरलो होतो. आठ दिवसांची रजा, चष्मा न लावता वर्गात जाईन ती सकाळ, सगळं मनात तयार होतं. ते एकेक करून पुसायला मला बराच वेळ लागला.

"तिचाच करा," मी म्हणालो. "मी पुन्हा रंगवतो."

माझ्या डोळ्याचं मागाहून काय झालं हे विचारणारे पुष्कळ आहेत, म्हणून इथेच सांगतो. मुंबईचं औषध वैशाखात आलं, मी सुट्टीत पुन्हा गेलो, आणि आरशात बघून स्वतःचं बुबुळ स्वतः काढलं. आता तो माझ्या चेहऱ्यावर आहे. वर्गातली मुलं माझ्याकडे बघून खोटं बोलायला शिकली आहेत. पण ती दुसरी खेप.

पुन्हा तीन तास

पांढरा भाग पुन्हा घडवण्यात एक दिवस गेला. त्या रिकाम्या दिवशी मी सांगलीला जाऊन आलो. हळदीच्या पेठेत पोत्यांतून उडालेली पूड हवेत होती; हमाल, बैल, तराजू, सगळ्यांवर तीच एक पिवळी छाया. गणपतीच्या देवळात बसलो तर माझ्या धोतराचीही कड पिवळी झालेली. तिच्या डोळ्यातल्या कडीला हळदीत थोडा मातीचा रंगही लागेल, हे मला तिथे सुचलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मायाक्का पुन्हा समोर बसली. बिरू बाजारात मेंढरांसाठी घुंगरं बघायला गेला होता. मी माफी मागितली.

"असू द्या मास्तर," ती म्हणाली. "दूध बी उतू जातं. मानूस हाय."

थोड्या वेळानं मी विचारलं, "या डोळ्यानं दिसणार नाही, हे तुला माहीत आहे ना?"

"मला कवाचं ठावं हाय. पलास्टिकला काय दिसतंय?"

"मग भावाला सांगितलं का नाहीस?"

ती जराही हलली नाही. मी कुंचला धरला की ती दगडासारखी बसायची. ओठच तेवढे हलले.

"दिवस बुडताना लांडगा आलता. आण्णानं गोफण मारली. मी कोकराला धराय मदी धावले. धोंडा मला लागला. तवापास्नं त्यानं माज्या तोंडाकडं बघितलं न्हाई. जेवाय वाढलं तर ताटाकडं बघतोय. गाठोडं बांधून म्हनला, चल, डोळा आणू. लय वरसांनी त्याच्या आवाजात जीव आला हुता. मी कशी न्हाई म्हनू?"

"पण आज ना उद्या कळेलच."

"कळंल. मीच सांगन. तुमी नगा सांगू."

मी हळदीच्या कडीत माती मिसळली. या वेळी ती कडी बरोबर फाटकी निघाली.

त्या दुपारी हवालदार स्वतः पातेल्याजवळ बसले, मला त्यांनी अंगणात घालवलं. शेजारचा तंबोरा वाजत होता. मी तो मुद्दाम ऐकला नाही.

निघायचा दिवस

सकाळी डबी उघडली. थर पाण्यासारखा स्वच्छ निघाला होता. हवालदारांनी त्याला घासून, कापडाच्या चाकावर धरून झिलई दिली, पाण्यानं धुतला आणि मायाक्काची वरची पापणी हलकेच उचलून आत सरकवला. तिनं दोन-तीनदा डोळे मिटले, उघडले. बुबुळ वळलं, अगदी थोडं, पण खऱ्याच्या जोडीनं वळलं. आतल्या उजेडानं ती कडी चमकली. मी रंगवलेलं होतं, तरी मला ते ओळखू येईना.

बिरू उंबऱ्यावर पाठ करून उभा होता. नवी घुंगरं त्याच्या मुठीत होती.

"आण्णा," ती म्हणाली, "हिकडं बघ."

तो वळला, पण नजर जमिनीवर. "दिसतंय?"

हवालदार गडबडीनं काही बोलणार होते. मी त्यांचा हात धरला.

"न्हाई," मायाक्का म्हणाली. "ह्यानं दिसत न्हाई. दिसणारबी न्हाई. ह्यो नुसता डोळ्यावानी डोळा हाय."

मुठीतली घुंगरं एकदा वाजली. तो भिंतीला टेकला. "मग मी तुला हितवर कशाला आणली?" हे तो कुणाला विचारत होता कोण जाणे.

"मी आले," ती म्हणाली. "तू माज्याकडं बघावास म्हनून आले. धा वरसं झाली. आता बघ की रं."

बिरूनं मान वर केली. मला वाटलं, तो नवा डोळा बघेल. पण त्यानं आधी तिचं कपाळ पाहिलं, मग गाल, मग हनुवटी, आंधळा माणूस हातानं चाचपत जातो तसा. आळीत त्या वेळी कुठलीच तार वाजत नव्हती.

"तुज्या भिवईवर तीळ हाय," तो म्हणाला. आवाज फुटका. "मी इसरलोच हुतो."

तिला आधी हसू आलं. मग तिचे दोन्ही डोळे भरून आले, खरा आणि नवा, दोन्हींतून पाणी ओघळलं. ती घाबरली. तळहातानं नवा डोळा झाकून हवालदारांकडे वळली.

"आवं हवालदार, पान्यानं ह्यो खराब हुईल का?"

हवालदारांनी मिशीवरची पांढरी पूड पुसली. "काय हुत न्हाई पोरी," ते म्हणाले. "कढत पान्यातनंच काढलाय त्याला. रड तू."